एका दोऱ्याची गोष्ट



सर्वात आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी माझी 'सेकंड लँग्वेज' होती आणि ऱ्हस्व-दीर्घ या प्रकाराने माझे मार्क कायम खाल्ले. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी दे असं संपादक मंडळातली मैत्रीण म्हणाली तेव्हा मी चक्क हसले. ती म्हणाली, "अगं, तुझा सेमिनारच मराठीत लिहून दे." आणि मग मला वाटलं, खरंच की! हा विषय मराठीतच यायला हवा. कारण ज्यांच्यासाठी तो आहे, म्हणजे माझी आई, माझी मावशी, होस्टेलला डबा देणाऱ्या काकू, यांतलं कुणीही मॅगझिनची इंग्रजी पानं उघडणार नाही. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या, मुद्दा तेवढा लक्षात ठेवा.

टी.ई.ला सेमिनार असतो हे सगळ्यांना माहीत आहेच. आमच्या वर्गात कुणी हायब्रिड गाड्या घेतल्या, कुणी थ्रीडी प्रिंटिंग. (चार जणांनी तेच घेतलं, आणि चौघांची प्रेझेंटेशन्स संशयास्पद सारखी होती!) मी चिठ्ठीवर लिहून दिलं: 'डाल्कन शील्ड – एका वैद्यकीय उपकरणाचं फेल्युअर अनॅलिसिस.' सरांनी चष्मा वर केला. "ही कसली शील्ड?"

"सर, गर्भनिरोधक साधन आहे. तांबीसारखं."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "बरं, पण याचा मेकॅनिकलशी काय संबंध?"

हा लेख म्हणजे सरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. विषय का निवडला तेही सांगणार आहे, पण ते शेवटी.

आधी थोडं बायॉलॉजी

शाळेत हा धडा आला तेव्हा आमच्या टीचरनी "घरी वाचून या" असं सांगून पान उलटलं होतं. तुमच्याकडेही तसंच झालं असणार, म्हणून थोडक्यात सांगते.

तांबी, म्हणजे कॉपर-टी, हे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं प्लॅस्टिकचं छोटं साधन असतं. त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स ते गर्भाशयात, म्हणजे घरच्या भाषेत पिशवीत, बसवतात. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात आणि गर्भ राहत नाही. त्याच्या खालच्या टोकाला दोरा असतो. तो गर्भाशयाच्या तोंडातून खाली योनीमार्गात येतो. तांबी जागेवर आहे ना ते बघायला, आणि नको असेल तेव्हा ओढून काढायला.

आता इथे इंजिनिअरच्या नजरेने बघा. योनीमार्गात जंतू असतात, ते नैसर्गिक आहे, त्यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही. वरती गर्भाशयाची आतली जागा मात्र बरीच सुरक्षित ठेवलेली असते. दोघांच्या मधे गर्भाशयाचं तोंड म्हणजे अरुंद दरवाजा, आणि त्या दरवाजात घट्ट चिकट स्रावाचं बूच. निसर्गाने केलेलं उत्तम सील! आणि आपण त्या सीलमधून एक दोरा आरपार घालतोय. म्हणजे या सगळ्या साधनात सर्वात नाजूक भाग कोणता? वरचं प्लॅस्टिक की खालचा दोरा?

बरोबर. दोरा.

शील्डचा जन्म

आता गोष्ट अमेरिकेत जाते. १९६० च्या दशकात तिथे गर्भनिरोधक गोळ्या लाखो बायका घेत होत्या. त्या काळच्या गोळ्यांत हार्मोन्सचं प्रमाण आजच्यापेक्षा खूप जास्त असायचं. रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या तक्रारी येऊ लागल्या. १९६९ मध्ये बार्बरा सीमन या पत्रकार बाईंनी गोळीच्या धोक्यांवर पुस्तक लिहिलं आणि जानेवारी १९७० मध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे जाहीर सुनावणी सुरू झाली. साक्षीला डॉक्टर होते, तज्ज्ञ होते, पण गोळी प्रत्यक्ष घेतलेली एकही बाई नव्हती! तेव्हा ॲलिस वुल्फसन आणि तिच्या मैत्रिणी प्रेक्षकांतून उठल्या आणि त्यांनी भर सुनावणीत विचारलं, की ज्यांच्या पोटात ही गोळी जाते त्यांना का नाही बोलावलं? गोंधळ झाला, टीव्हीवर दिसला, आणि त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात धोक्याची माहिती देणारा कागद घालायचं ठरलं. आज आपण औषधाच्या खोक्यातली ती घडी न वाचता फेकतो. पण ती मिळावी म्हणून कुणीतरी भांडलेलं आहे.

गंमत अशी (खरं तर गंमत नाही), की त्याच सुनावणीत ह्यू डेव्हिस नावाचे एक डॉक्टर साक्षीला होते. गोळी धोक्याची, त्यापेक्षा गर्भाशयात बसवायची साधनं बरी, असं त्यांचं म्हणणं. अशा एखाद्या साधनात तुमचा आर्थिक संबंध आहे का, असं विचारल्यावर त्यांनी नाही म्हटलं. प्रत्यक्षात आयर्विन लर्नर या इंजिनिअरबरोबर (हो, आपल्यातलाच एक!) त्यांनी डाल्कन शील्ड तयार केली होती आणि त्या कंपनीत त्यांचा ३५ टक्के हिस्सा होता.

फेब्रुवारी १९७० मध्ये डॉ. डेव्हिस यांचा शोधनिबंध आला. ६४० बायका, गर्भ राहण्याचं प्रमाण फक्त १.१ टक्के. वा! पण नीट वाचलं तर कळतं, की प्रत्येक बाईमागे पाहणीचा काळ सरासरी साडेपाच महिने होता. सहा महिन्यांची टेस्ट घेऊन मशीन अनेक वर्षं चालेल असं सांगणं आपल्या व्हायव्हामध्येसुद्धा चालणार नाही. पुढच्या अभ्यासांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास निघालं.

जून १९७० मध्ये ए. एच. रॉबिन्स या औषध कंपनीने शील्डचे हक्क साडेसात लाख डॉलर अधिक रॉयल्टी देऊन विकत घेतले आणि जानेवारी १९७१ पासून ती बाजारात आणली. गोळीला घाबरलेल्या बायकांना हाच सुरक्षित पर्याय वाटला. तीन-साडेतीन वर्षांत अमेरिकेत सुमारे २२ लाख बायकांना ती बसवली गेली. याशिवाय सुमारे ८० देशांत ती पोचली, त्यात अमेरिकन सरकारच्या कुटुंबनियोजन मदतीतून गेलेलीही होती.

मेकॅनिकलशी संबंध इथे आहे

आता सर, नीट ऐका.

तेव्हाच्या साधनांची मोठी अडचण म्हणजे ती आपोआप बाहेर पडायची. लर्नर आणि डेव्हिस यांनी उपाय काढला. साधन खेकड्यासारखं करा आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेली नांगी ठेवा, म्हणजे ते आत घट्ट धरून बसेल. डिझाइनची अट पूर्ण झाली. पण जे सहज पडत नाही ते सहज काढताही येत नाही. काढताना जोर लागणार, म्हणजे दोरा मजबूत हवा. इतर साधनांना एकेरी तंतूचा दोरा असायचा, मासे पकडायच्या तंगुसासारखा, एकसंध आणि गुळगुळीत. तो इथे तुटण्याची भीती होती. म्हणून यांनी नायलॉनचे शेकडो बारीक तंतू एकत्र करून त्यावर नायलॉनचंच आवरण चढवलं. बाहेरून दिसायला एकच दोरा, आतून मात्र शेकडो तंतूंचा जुडगा. आणि दोरा कापल्यावर खालचं टोक उघडंच!

प्रत्येक पायरी वेगवेगळी बघितली तर बरोबर वाटते. नांगी बरोबर, मजबूत दोरा बरोबर, आवरण बरोबर. एकत्र केलं की काय झालं?

एक सोपा प्रयोग करा. होस्टेलवरच करा. एका ग्लासात शाई घातलेलं पाणी घ्या. त्यात एका बाजूला तंगुसाचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला पायजम्याची सुती नाडी सोडा (धुतलेली असेल तर उत्तम!). चहा पिऊन या. तंगूस पाण्याच्या वर जसाच्या तसा असेल, नाडी मात्र वरपर्यंत निळी झालेली असेल. देवघरातल्या समईत तेल वातीतून ज्योतीपर्यंत चढतं ते याच कारणाने. याला केशाकर्षण म्हणतात, आपल्या भाषेत कॅपिलरी ॲक्शन. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी ते पाठ केलं आणि पेपरनंतर विसरलो.

आता आकडे. द्रव किती वर चढेल ते नळीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतं. पाण्यासाठी हिशोब केला तर १ मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी साधारण १५ मिलिमीटर चढतं. आता तंतूंमधली फट धरा ०.०१ मिलिमीटर, म्हणजे शंभर पट बारीक. आदर्श परिस्थितीत पाणी चढेल शंभर पट, म्हणजे जवळजवळ दीड मीटर! नायलॉन काचेइतकं सहज ओलं होत नाही हे मान्य, म्हणून निम्मं धरा, पाव धरा. इथे अंतर किती कापायचंय? काही सेंटिमीटर. आणि जंतूचा आकार? एक-दोन मायक्रॉन. त्या फटीत तो आरामात मावतो.

म्हणजे काय, तर निसर्गाने लावलेल्या सीलमधून आपण एक वात ओवली. वातीचं एक टोक जंतू असलेल्या जागी, दुसरं सुरक्षित जागी. वर त्या वातीला आवरण, म्हणजे चिकट स्राव बाहेरून आतल्या जंतूंपर्यंत पोचूच शकत नाही. पुढे १९७५ मध्ये डॉ. हॉवर्ड टेटम यांनी वापरून काढलेल्या शील्ड्सचे दोरे तपासून प्रसिद्ध केलं, की आवरणाच्या आत तंतूंमध्ये जंतू सापडतात.

सर्वात वाईट स्थिती शील्ड आत असताना गर्भ राहिला तर व्हायची. गर्भाशय वाढतं तसा दोरा वर ओढला जातो, म्हणजे ती वात जंतूंसकट आत. कित्येक बायकांना जंतुसंसर्ग होऊन गर्भपात झाले. गर्भ न राहिलेल्यांनाही ओटीपोटात संसर्ग झाले, गर्भनलिका बंद झाल्या. वीस-बावीस वर्षांच्या मुलींना कायमचं वंध्यत्व आलं. अमेरिकेत किमान १८ बायका मरण पावल्या.

वीस-बावीस. म्हणजे आपल्याच वयाच्या.

ज्याने प्रश्न विचारला

हे सगळं नंतर कळलं असतं तर आपण म्हटलं असतं, ठीक आहे, विज्ञान चुकांमधूनच शिकतं. पण तसं नव्हतं. दोरा ओलावा ओढू शकतो ही शक्यता कंपनीच्या अंतर्गत पत्रात १९७० मध्येच नोंदलेली होती. आणि १९७१ मध्ये एका माणसाने ती करून बघितली.

शील्डचं उत्पादन रॉबिन्सच्याच मालकीच्या चॅपस्टिक कंपनीत व्हायचं. (हो, ओठांना लावायची तीच चॅपस्टिक.) तिथे वेन क्राउडर नावाचा क्वालिटी कंट्रोल सुपरवायझर होता. दोऱ्याची टोकं उघडी आहेत हे त्याच्या लक्षात आलं. त्याने काय केलं? कुठलंही महागडं मशीन नाही. दोऱ्यांची टोकं पाण्यात सोडली, काही तास थांबला, मग गाठीच्या पलीकडचा भाग कापून दाबला. पाणी निघालं. म्हणजे गाठ मारूनही सील होत नव्हतं. त्याने वरिष्ठांना सांगितलं आणि उपायही सुचवला, की टोकं उष्णतेने वितळवून बंद करा. उत्तर मिळालं, की दोरा हा तुझा विषय नाही. तो पुन्हा बोलला, पुन्हा तेच. दोऱ्यात बदल झाला नाही. १९७८ मध्ये त्याची नोकरीही गेली.

मला हा भाग वाचताना अंगावर काटा आला. कारण दोन वर्षांनी आपल्यापैकी कितीतरी जण अशाच एखाद्या क्यू.सी. डिपार्टमेंटमध्ये ट्रेनी असणार. ग्लासभर पाण्यात केलेली टेस्ट, आणि ती मान्य करायला कुणी तयार नाही.

बाहेरूनही सूचना येत होत्या. जून १९७२ मध्ये थॅड अर्ल या डॉक्टरांनी, जे स्वतः कंपनीचे सल्लागार होते, पत्राने कळवलं की गर्भ राहिलेल्या बायकांच्या शरीरात शील्ड तशीच ठेवणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना इशारा देणारं पत्र कंपनीने पाठवलं मे १९७४ मध्ये. दोन वर्षांनी! जूनमध्ये सरकारी यंत्रणेच्या सांगण्यावरून अमेरिकेतली विक्री थांबली.

तुम्ही विचाराल, सरकारने आधीच का नाही अडवलं? कारण १९७६ पर्यंत अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांना बाजारात येण्याआधी परवानगीच लागत नव्हती. औषधाला लागायची, उपकरणाला नाही. डाल्कन शील्डच्या प्रकरणानंतर मे १९७६ मध्ये तिथे नवा कायदा झाला आणि धोक्यानुसार उपकरणांचे तीन वर्ग पाडले गेले. इतक्या बायकांनी भोगल्यावर एक कायदा.

"तुमचंच काहीतरी चुकलं असेल"

विक्री थांबली, पण ज्यांच्या शरीरात शील्ड होती त्यांचं काय? त्यांना परत बोलावलंच गेलं नाही. बायका कोर्टात गेल्या तेव्हा त्यांना काय विचारलं गेलं माहितेय? स्वच्छता कशी ठेवता, किती जणांशी संबंध होते, अंतर्वस्त्रं कुठल्या प्रकारची घालता. म्हणजे दोष दोऱ्याचा नाही, बाईचा! अनेकींनी त्या प्रश्नांना घाबरून केस सोडली.

पण सगळ्यांनी नाही. १९७५ मध्ये बार्बरा सीमन, ॲलिस वुल्फसन आणि आणखी तिघींनी 'नॅशनल वुमेन्स हेल्थ नेटवर्क' ही संघटना काढली होती. आत राहिलेल्या शील्ड्स काढून घ्या, बायकांना कळवा, यासाठी या संघटनेने पाठपुरावा सोडला नाही. २९ फेब्रुवारी १९८४ रोजी मिनेसोटातले न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कंपनीच्या तीन मोठ्या अधिकाऱ्यांना समोर उभं करून खडे बोल सुनावले. वरच्या कोर्टाने ते शब्द पुढे रेकॉर्डमधून काढायला लावले, पण तोवर ते सगळीकडे छापून आले होते. त्याच वर्षी कंपनीने जाहिरात दिली, की शील्ड काढून घ्या, खर्च आम्ही देऊ. विक्री बंद झाल्यावर दहा वर्षांनी! १९८५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तीन लाखांहून जास्त दावे दाखल झाले आणि भरपाईसाठी सुमारे २४७ कोटी ५० लाख डॉलरचा निधी ठेवावा लागला. टोकं वितळवून बंद करायला किती पैसे लागले असते, याचा हिशोब तुम्हीच करा.

आणि हे जुनं झालं, आता असं होत नाही, असं समजू नका. ओटीपोटातले अवयव खाली सरकले तर आधार म्हणून प्लॅस्टिकची जाळी बसवायची शस्त्रक्रिया अलीकडे बऱ्याच देशांत होत होती. कित्येकींना भयंकर वेदना सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मनाचे खेळ आहेत, वय झालंय. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेने अवयव खाली सरकण्याच्या दुखण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री थांबवायला लावली. जुलै २०२० मध्ये ब्रिटनमध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीचा अहवाल आला. त्यात स्पष्ट लिहिलंय, की बायका वर्षानुवर्षं सांगत होत्या आणि यंत्रणेने ऐकलं नाही.

आपल्या देशातही बायका लढल्या आहेत. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पटानचेरू इथे नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी चालू होती. ते अजून प्रयोगातलं औषध आहे हे तिथल्या बायकांना नीट सांगितलेलं नाही, असं कार्यकर्त्या मैत्रिणींच्या लक्षात आलं. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतरांनी १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टात अर्ज केला. मागणी साधी होती. आम्हाला खरं सांगा आणि आमचं ऐका.

आता मावशीची गोष्ट

विषय का निवडला ते सांगते म्हटलं होतं. माझी मावशी तालुक्याच्या गावी असते. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिने तांबी बसवली. पंधरा दिवसांतच ओटीपोटात दुखायला लागलं, अंगात कणकण. बसवली तिथे गेली तर सांगितलं, नवीन आहे, शरीराला सवय होईल. पुन्हा गेली. सगळ्यांनाच होतं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तपासलंसुद्धा नाही, "तुमचा स्वभावच काळजीचा आहे" म्हणाले. मग ताप चढला तेव्हा काकांनी शहरात आणलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, संसर्ग निघाला, तांबी काढली, औषधं दिली. मावशी बरी झाली. आता ठणठणीत आहे.

मागच्या दिवाळीत ती आणि आई स्वयंपाकघरात करंज्या करताना हळू आवाजात हे बोलत होत्या. मी आत गेले तशा गप्प झाल्या. मी म्हटलं, "मावशी, बोल ना, मी काही लहान नाही." मग तिने सगळं सांगितलं. मी विचारलं, "तू तीनदा गेलीस ना, मग तुझी तक्रार कुणी लिहून घेतली का गं?"

मावशी करंजीची कड दुमडत म्हणाली, "बायकांच्या तक्रारी कुणी लिहून घेतं होय? त्या ऐकून सोडून द्यायच्या असतात."

मला रात्रभर झोप आली नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये अर्ध्या मिलिमीटरने जॉब बिघडला तरी रजिस्टरमध्ये नोंद होते. तारीख, मशीन नंबर, कुणी केलं, काय बिघडलं. ती नोंद आहे म्हणून पुढच्या वेळी लेथ दुरुस्त होते. मावशीच्या तीन खेपांची नोंद कुठेच नाही. ती तांबी कुठल्या बॅचची होती? तिच्यासारख्या अजून किती? कुणालाच माहीत नाही. कदाचित तांबीत काहीच दोष नसेल, बसवताना काही राहिलं असेल, किंवा संसर्ग आधीचा असेल. पण हे कळायला आधी कुणीतरी लिहायला तर हवं! तिथल्या डॉक्टरांना मी खलनायक म्हणत नाही. त्यांच्या दारात रोज किती रांग असते ते मी पाहिलंय. पण नोंद करायला दोन मिनिटं लागतात.

आता एक महत्त्वाची गोष्ट, नाहीतर हा लेख वाचून कुणी घाबरून जाईल. आजची तांबी म्हणजे डाल्कन शील्ड नव्हे. कॉपर-टी ३८० ए ला एकेरी तंतूचा, तंगुसासारखा दोरा असतो, त्यातून वात होत नाही. ती दहा वर्षांपर्यंत काम करते आणि जगभर कोट्यवधी बायका ती सुखाने वापरतात. संसर्गाचा धोका थोडा असतो तो मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या साधारण तीन आठवड्यांत. म्हणूनच त्या काळात ओटीपोटात दुखणं, ताप किंवा वेगळा वास असलेला स्राव असेल तर "सवय होईल" म्हणून घरी बसायचं नाही. लगेच तपासून घ्यायचं. आणि घाबरून स्वतः दोरा ओढायचा नाही.

मग आपण काय करायचं?

आपल्याकडे २०१५ पासून 'मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया' आहे. नाव जड आहे, काम सोपं आहे. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवायची. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे हे काम आहे. औषधांच्या त्रासाची तक्रारही तिथेच जाते, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, टोल फ्री. डॉक्टरच नव्हे, पेशंटसुद्धा कळवू शकतो. २०१७ मध्ये मेडिकल डिव्हाइसेस रूल्स आले, ते १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यात धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. नियम आहेत. पण रिकाम्या रजिस्टरचा कुणाला काय उपयोग?

म्हणून घरी जाल तेव्हा एवढं करा. आई, ताई, वहिनी, मावशी यांच्यापैकी कुणी असं काही साधन बसवून घेतलं असेल तर त्याचं नाव, तारीख आणि बॅच नंबर असलेलं कार्ड किंवा वेष्टण जपून ठेवायला सांगा. त्रास झाला तर कधी, कुठे, किती, ते तारखेसकट वहीत लिहायला सांगा. "दुखतंय" म्हटलं तर लोक विसरतात, "बारा तारखेपासून रोज संध्याकाळी ताप" म्हटलं तर डॉक्टरही पेन उचलतात. आणि मुलांनो, तुम्हीही लाजू नका. खसखस पिकवणाऱ्यांनो, तुमच्याही घरी बायका आहेत!

आणि इंजिनिअर म्हणून एक. उद्या एखाद्या कंपनीत तुमच्या टेबलावर असा एखादा दोरा येईल. दोरा नसेल तर ब्रेकचा पार्ट असेल, प्रेशर कुकरचा व्हॉल्व्ह असेल. वरून सांगतील, हा तुझा विषय नाही. तेव्हा वेन क्राउडर आणि त्याचं ते पाणी आठवा.

सेमिनारचं काय झालं? वीस मिनिटं झाली, कुणी हसलं नाही. शेवटी सरांनी प्रश्न विचारला, "एकेरी दोरा वापरला असता तर काढतानाचा ताण त्याने घेतला असता का?" मी म्हटलं, "कदाचित नाही सर. मग नांगी बदलायला हवी होती. ताण कमी करायचा, दोरा जाड करायचा नाही." सर हसले, काहीतरी मार्क लिहिले. वर्ग सुटल्यावर मला थांबवून म्हणाले, "त्या रिपोर्टची एक जास्तीची प्रिंट दे. घरी वाचायला देतो."

मी एक प्रिंट मावशीलाही पाठवली होती, पण ती इंग्रजीत. फोनवर म्हणाली, "अगं, मला यातलं फक्त तुझं नाव वाचता आलं." म्हणून मावशी, हे मराठीतून, खास तुझ्यासाठी. सोबत एक वही पाठवतेय. पहिल्या पानावर तारीख मी घालून ठेवली आहे.

– टी.ई. (मेकॅनिकल)